अमृतराव गिरदावर आणि यादीत नसलेलं गाव

परभणी जिल्ह्यात डोंगर आहेत, ही गोष्ट परभणीत बसून पटत नाही. शहरातल्या कोणत्याही गच्चीवर चढले तरी चारी बाजूंना काळी, सपाट जमीन दिसते. पिंगळी, चुडावा, ताडकळस, कुठेही जा. जमीन उठून उभी राहिलेली सापडत नाही. डोंगर भेटतात ते जिंतूर ओलांडल्यावर. कचेरीतले बहुतेक कारकून नदीकाठच्या गावांतले असल्यामुळे कागदपत्रांत त्या मुलखाचा उल्लेख ‘उत्तरेकडील काही भाग’ एवढाच यायचा. बदल्यांच्या यादीत मात्र त्या भागाला वेगळे स्थान होते. साहेबांची मर्जी गेली की माणूस वर जायचा. माझ्या माहितीत असा एकच सरकारी नोकर होता, जो मागणी करून वर गेला आणि खाली यायला तयार झाला नाही. ते अमृतराव.

ते गिरदावर होते. दहा-वीस गावांच्या तलाठ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या महसूल खात्यातल्या माणसाचे हे निजामाच्या काळातले नाव. महाराष्ट्र झाल्यावर सरकारने पदाचे नाव बदलले, तसा फलकही पाठवला. अमृतरावांनी तो फलक कचेरीच्या दाराला उलटा ठोकला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मंडळातल्या गावांची यादी लिहून काढली. विचारले तर सांगत, नाव सगळ्यांना पाठ आहे, गावं कुणाला पाठ नाहीत.

उंची बेताची, पाय शरीराच्या मानाने लांब, डोक्यावर टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. बारा महिने हातात काळी छत्री असे. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. पावसातही ती काखेत धरून ते भिजत चालायचे. छत्री ही त्यांची मोजायची काठी होती. बांध, ओढ्याचे पात्र, पडक्या भिंतीची उंची, सगळे ते छत्रीने मोजत आणि मग मनात हिशेब करून फुटांत सांगत. सरकारी साखळी आणून ते माप तपासण्याचा प्रयत्न एका तरुण भूमापकाने केला होता. फरक निघाला, तेव्हा अमृतराव म्हणाले की साखळी झिजली असेल. दुसरी साखळी आणली. ती पहिलीपेक्षा वेगळी निघाली आणि छत्रीशी जुळली. भूमापकाने पुढे तो विषय काढला नाही.

माणसांना नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती. ज्याचे जे गाव, तेच त्याचे नाव. कचेरीतल्या टंकलेखकाला ते ‘चुडावा’ म्हणत, शिपायाला ‘ताडकळस’. ‘चुडावा, ते पत्र झालं का?’ असे त्यांनी विचारले की नवख्या माणसाला वाटे, पत्र रेल्वेने चुडाव्याच्या स्टेशनावर गेले आहे. मी एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर म्हणून पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसलो तेव्हा त्यांनी माझे नाव विचारलेच नाही. गाव विचारले. मी परभणी म्हटले. पुढची सगळी वर्षे मी परभणी होतो. एका माणसाच्या अंगावर अख्खा जिल्हा टाकल्यासारखे ते वाटायचे.

दौऱ्याची दैनंदिनी हा त्यांचा आवडीचा लेखनप्रकार. तिच्यात एका वाडीला जाताना सात मैल आणि त्याच वाडीहून येताना पाच मैल, अशी नोंद ते वर्षानुवर्षे करत होते. कधीतरी एका तपासनिसाच्या ते लक्षात आले. खुलासा मागवला गेला. अमृतरावांनी उत्तर लिहिले की जाताना चढ आहे आणि येताना उतार आहे, सबब अंतरात फरक पडतो; शंका असल्यास समक्ष येऊन पाहावे. तपासनीस ताडकळसकडचा, हट्टाचा माणूस. तो खरेच आला. अमृतरावांनी त्याला सकाळी निघून वाडीला नेले. वाटेत तो चार ठिकाणी बसला. वर पोचल्यावर त्याने एवढेच विचारले, की येताना पाच मैल नक्की आहेत ना. शेरा निकाली निघाला.

ही सगळी गंमत झाली. पण याच मोजण्याच्या सवयीचे दुसरे रूप मी १९७८च्या पावसाळ्यात पाहिले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. आमच्या जिल्ह्यातही. अमृतरावांच्या मंडळातल्या एका गावाचा पंचनामा त्यांच्याकडे आला. गावातल्या कर्त्या मंडळींनी त्यांना सांगितले की जळाले ते गोठे होते, घरे नव्हती. वस्तीतले लोक तोवर गाव सोडून गेले होते. अमृतरावांनी वाद घातला नाही. ते छत्रीने राख बाजूला सारत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले आणि परत येऊन म्हणाले, “छप्पर जळतं. चूल जळत न्हाई. गोठ्यात चूल कामून लागती, तेवढं सांगा.”

पंचनाम्यात जितक्या चुली तितकी घरे लागली, आणि प्रत्येक चुलीपुढे तिथे रांधणाऱ्या बाईचे नाव आले. ती नावे मिळवायला ते दोन दिवस शेजारच्या गावांतून फिरले, कारण त्या बाया भीतीने पांगल्या होत्या. पुढे त्या गावात त्यांना कोणी चहा विचारला नाही. ते स्वतःचा डबा नेत आणि जळालेल्या वस्तीत बसून खात.

यानंतर दोन-अडीच वर्षांनी घोणसदऱ्याचे प्रकरण आले.

महसुली यादीत काही गावांपुढे ‘बेचिराग’ असा शब्द असतो. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. शिवार असते, हद्द असते, नकाशावर नाव असते; माणूस नसतो. जिंतूरच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या बेचक्यात असलेले घोणसदरा हे असे गाव होते. कधीतरी पटकीच्या साथीत उठले, ते बसले नाही. मात्र बहात्तरच्या दुष्काळानंतर काही कुटुंबे तिथे येऊन राहिली. त्यांनी पडक्या भिंतींवर छपरे टाकली आणि खडक फोडून विहीर खोदली. म्हणजे जमिनीवर गाव होते. यादीत नव्हते.

त्या वस्तीतली कोंडाबाई नावाची साठीच्या आसपासची बाई शाळेसाठी अर्ज करत असे. शाळा सर्वांत जवळची म्हणजे डोंगराखाली, आणि मध्ये ओढा. पावसाळ्यात तो चार महिने उतरू देत नसे. अर्जावर दरवेळी एकच शेरा येई: मौजे घोणसदरा बेचिराग असल्याने मागणीचा विचार करता येत नाही. तिसरा अर्ज फेटाळला गेला तेव्हा ती तहसील कचेरीत येऊन व्हरांड्यात बसली. साहेब आत होते. कारकुनाने तिला गाव विचारले, तिने सांगितले, आणि कारकुनाने असे गाव नाही म्हणून तिला परतवले. तेवढ्यात अमृतराव आले. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, “काय घोणसदरा, कवा आलात?” आणि तिला सरळ साहेबांसमोर नेऊन उभे केले.

तहसीलदार भला माणूस होता. त्याने सांगितले की मागच्या शिरगणतीत गाव निर्मनुष्य आहे, त्याला तो काही करू शकत नाही; पुढची शिरगणती १९८१च्या फेब्रुवारीत आहे, तिच्यात जी लोकसंख्या निघेल ती सगळ्यांना मान्य करावी लागेल. कोंडाबाईला हे पुरेसे वाटले. तिला काही महिने थांबायचे होते, एवढेच.

अमृतरावांना मात्र ते पुरेसे वाटले नाही. फेब्रुवारीत घोणसदऱ्यात कोण असते हे त्यांना ठाऊक होते. दसरा झाला की वस्तीतली सगळी धडधाकट माणसे ऊसतोडीला पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जात. लेकरे बरोबर जात, कारण मागे ठेवून करायचे काय. मागे राहत तिघे: कोंडाबाई, तिचा म्हातारा दीर आणि एक बहिरा गुराखी. म्हणजे बेचिराग हा शब्द जाणार होता आणि त्याच्या जागी लोकसंख्या तीन असा आकडा बसणार होता, तोही पुढची दहा वर्षे. तिघांत एकही मूल नाही. शाळेचा अर्ज आता कायमचा मेला असता.

तलाठ्याने सुचवले की आकडा अंदाजाने भरून टाकावा, एवढ्या वर कोण तपासायला येतो. अमृतरावांनी त्याला बाहेर उभे केले आणि दार लावून घेतले. मग त्यांनी शिरगणतीची सूचनापुस्तिका दोनदा वाचली. तिच्यात एक नियम होता. नेहमीचा रहिवासी मोजणीच्या त्या वीस दिवसांत एखादा दिवस जरी घरी असला, आणि दुसरीकडे मोजला गेला नसला, तरी त्याची नोंद घरीच होते. एक दिवस पुरे होता.

दुसऱ्याच दिवशी ते वर गेले. शिरगणतीच्या तयारीवर बातमी करायची म्हणून मी बरोबर होतो. वाटेत किती वेळा बसलो ते सांगत नाही. कोंडाबाईने अंगणात घोंगडे टाकले. अमृतरावांनी तिला नियम समजावला आणि सांगितले की आकडा ते स्वतः एकानेही वाढवणार नाहीत, माणसे तिने आणायची. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम मध्येच सुट्टी देतो का, असे त्यांनी विचारले.

“दोनच कारनाला सोडतो,” कोंडाबाई म्हणाली. “मयत, न्हाईतर लगीन.”

“मयत नको.”

“मग लगीन. पर लग्नाजोगं कुनी न्हाई बगा. पोरं समदी बारकी हायत.” दीर खोकला. मग ती म्हणाली, “हीर हाय.”

त्या लोकांत अशी रीत होती की नव्या विहिरीचे लग्न आंब्याच्या झाडाशी लावायचे. ते लागेपर्यंत तिचे पाणी माणसांनी प्यावे, देवाला घालू नये. खोदून पाच-सहा वर्षे झाली तरी घोणसदऱ्याची विहीर कुमारी होती, कारण हंगामात माणसे नसत आणि पावसाळ्यात सवड नसे. अमृतरावांनी या माहितीवर कसलेही मत दिले नाही. खिशातून सूचनापुस्तिका काढून मोजणीच्या तारखा पाहिल्या आणि विचारले, “तिथी कंची धरायची?”

निरोप गेला. त्यात खोटे एक अक्षर नव्हते: गावात लग्न आहे, सगळ्यांनी लेकरांसह यावे. मुकादमाने एका दिवसाची परवानगी दिली आणि माणसे परत आणायची म्हणून तो स्वतः बरोबर आला. जिंतूरपर्यंत ट्रक, पुढे पायी. डोंगर चढून तो वर पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती आणि मनातून लग्नाच्या जेवणाची त्याला आशा होती. विहिरीच्या कठड्याला हिरवे लुगडे गुंडाळलेले, आंब्याच्या खोडाला मुंडावळ्या, बाया हळदीची गाणी म्हणत होत्या. त्याने नवरी कुठे आहे म्हणून विचारले.

कोंडाबाईने विहिरीकडे हात केला. “ही काय. तोंड बगायचं तर वाकून बगा, मुकादम.”

तो खरेच वाकला. सरळ झाल्यावर तो काय बोलणार याची सगळ्यांना धास्ती होती. तो म्हणाला की आपल्याला फसवलेय. अमृतराव शांतपणे म्हणाले की लग्न म्हटले होते, लग्न आहे. नवरी माणूस असेल असे कुणी लिहिले नव्हते. मग त्यांनी त्याला पंगतीत पहिला पाट दिला. लापशीचे दुसरे ताट संपेपर्यंत मुकादमाचा राग उतरत गेला आणि तिसऱ्याला तो विहिरीच्या बाजूचा वऱ्हाडी झाला.

प्रगणक म्हणून नेमलेले गुरुजी डोंगराखालच्या शाळेवरचे, मूळचे पिंगळीचे. अमृतरावांनी व्यवस्था अशी लावली होती की आधी अक्षता, मग घोंगड्यावर गुरुजींपुढे नोंद, आणि नोंद झालेल्यालाच पंगत. शिरगणतीला एवढी शिस्तीची रांग जिल्ह्यात दुसरीकडे लागली नसेल. गुरुजी सपाटीवरचे असल्यामुळे जरा गांगरलेले होते. त्यांनी हळूच विचारले की नवरा-नवरीचे काय करायचे.

“पिंगळी, माणसं लिवा,” अमृतराव म्हणाले. “नवरा-नवरी सोडून.”

रांगेत शेजारच्या वाड्यांतले पाहुणेही घुसले होते. त्यांना कुणीतरी सांगितले होते की नाव लागले की जमीन मिळते. अमृतरावांनी छत्रीने एकेकाला बाहेर काढले. शेवटी उरली कोंडाबाईची लेक. ती सेलूकडे दिलेली, लग्नाला म्हणून दोन लेकरे घेऊन आलेली. कोंडाबाईने तिला मुलांसकट रांगेत उभे केले होते.

“ही न्हाई,” अमृतराव म्हणाले.

“माझी लेक हाय ती.”

“लेक तुमची. चूल तिकडं हाय.”

“एक लेक लिवली तर डोंगर पडंल व्हय? ह्या दोन पोरांनी शाळा व्हत आसंल तर?”

बाई बोलली ते खरे होते. किती मुलांवर शाळा मिळते आणि किती मुलांवर अडते हे त्या दिवशी तिथे कुणालाच नक्की माहीत नव्हते. अमृतरावांनाही नव्हते. त्यांनी छत्री जमिनीला टेकवली आणि आवाज न चढवता बोलले.

“घोणसदरा, उद्या कुनी तपासाय आला आन् ही तीन खोटी निगाली, तर बाकीची समदी खोटी म्हनतील. मग मी काय दाखवू?”

कोंडाबाई लेकीला घेऊन चुलीकडे गेली. अमृतरावांना तिने त्या दिवशी वाढले नाही. दिराने वाढले.

बातमी मी सविस्तर पाठवली. उपसंपादकाने जागेअभावी विहीर काढून टाकली. छापून आले ते असे, की जिंतूर तालुक्यातील डोंगराळ भागात एक विवाह आनंदात पार पडला व शिरगणतीचे काम समाधानकारक झाले.

तपासणी आलीच. निर्मनुष्य गावात एकदम इतकी माणसे कुठून आली, अशी विचारणा झाली. अमृतरावांचा खुलासा एका ओळीचा होता: सदर गावी दिवे आढळले, ते मोजले. वरून दोघे जण घर आणि घर तपासायला पाठवले गेले. हंगाम संपून माणसे परतली होती. एकही नाव जास्तीचे निघाले नाही. तपासणाऱ्यांनी तसा अहवाल दिला आणि उतरताना दोघांनी अमृतरावांना अंतर विचारले.

आकडे छापून यायला, ते खात्यांपर्यंत पोचायला आणि खात्यांनी ते वाचायला सरकारला लागतो तेवढा वेळ लागला. दरम्यान अमृतराव निवृत्त झाले. निरोप समारंभात तहसीलदारांनी त्यांच्या नियमनिष्ठेचा गौरव केला. अमृतरावांनी आभाराच्या भाषणात श्रोत्यांची संख्या सांगितली आणि खाली बसले. मुलगा परभणीला न्यायला आला होता. ते जिंतूरलाच राहिले. सपाटीवर माणूस किती लांब आहे ते कळत नाही, दिसतो म्हणून जवळ वाटतो, अशी त्यांची तक्रार होती.

घोणसदऱ्याला एकशिक्षकी शाळा मंजूर झाली ती आणखी दोन पावसाळ्यांनी. उद्घाटनाला पुढारी आले, मी गेलो, अमृतरावांना कोणी बोलावले नव्हते. ते आधीच येऊन मागे उभे होते. कोंडाबाईने त्यांना पाहिले आणि नारळाचा तुकडा हातावर ठेवला. तो त्यांनी खाल्ला. मला बाजूला घेऊन ते म्हणाले की गोड भानगड झाली आहे: शाळा जूनमध्ये भरेल आणि दसऱ्याला रिकामी होईल. गुरुजी हजेरी कुणाची घेणार? दोन वर्षे पट शून्य लागला की शाळा बंद. हा विचार मंजुरी देणाऱ्यांनी केला नव्हता. मागणाऱ्यांनीही केला नव्हता. वस्तीत कोंडाबाईशी त्यांचे पुन्हा बोलणे सुरू झाले ते यावरच.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या स्थलांतरावर लिहायला मी वर गेलो. सकाळची वेळ होती. वस्तीपुढे बैलगाड्या भरल्या जात होत्या. भांडी, गोधड्या, कोंबड्या चढत होत्या. लेकरे चढत नव्हती. ती शाळेच्या भिंतीशी ओळीने बसली होती, आणि त्यांच्यापुढे कमरेवर हात ठेवून कोंडाबाई उभी होती. हंगामभर सगळ्यांना ती रांधून घालणार होती. तसे तिने आई-बापांना एकेक करून पटवले होते. दोघा-तिघा लेकरांच्या डोळ्यांत पाणी होते. एक लहानगी मोठ्याने रडत होती. तिची आई गाडीत पाठ करून बसली होती.

अमृतराव मला दिसले ते खिंडीच्या तोंडाशी, एका दगडावर. निघालेल्या गाड्यांकडे त्यांचे लक्ष नव्हते. छत्रीचे टोक भिंतीकडे रोखून ते ओठ हलवत एकेक मूल मोजत होते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी न बघता दुसरा हात वर करून मला थांबवले.

तेवढ्यात ओळीतून एक पोरगा उठला आणि शेवटच्या गाडीमागे धावला. कोंडाबाईने त्याला वाटेत गाठले, दंडाला धरून आणले आणि होता त्यापेक्षा वेगळ्या जागी बसवले.

“परभणी, जरा दम धरा,” अमृतराव म्हणाले. “त्यानं समदं मोडलं. पैल्यापासून मोजाय लागतंय.”

आणि त्यांनी छत्री परत पहिल्या मुलावर नेली.